फेक अ‍ॅश ग्लेझ उन्हाळ्यात ओघळतं, पावसाळ्यात रुसतं: आधी काय तपासायचं

एप्रिलमधली भट्टी उघडली आणि नऊच्या नऊ भांडी भट्टीतल्या लादीला चिकटलेली. सहा मग, दोन बरण्या, एक उभट फुलदाणी. ग्लेझ, म्हणजे भांड्यावर चढवलेला काचेचा लेप, बुडाखाली उतरून लादीवर पसरलं होतं आणि तिथंच गोठलं होतं. छिन्नीनं सोडवताना दोन मगांचे तळ गेले. याच बादलीतलं ग्लेझ जानेवारीत फार देखणं उतरलं होतं: खांद्यापासून पोटापर्यंत मधाच्या रंगाचे बारीक ओघळ, आणि प्रत्येक ओघळाच्या टोकाला एक थेंब. मग जुलै आला. तेच ग्लेझ, तोच प्रोग्राम, आणि भांडी बाहेर आली ती तपकिरी, खरखरीत. ओघळाचं नाव नाही.

फेक अ‍ॅश (राख न घालता बनवलेलं राखेसारखं ग्लेझ) वापरणारे माझ्या ओळखीचे जेवढे आहेत, त्या सगळ्यांची तक्रार या दोनपैकी एक असते. एक तर वाहून गेलं, नाही तर वाहिलंच नाही. आणि सगळ्यांचा पहिला उपायही एकच असतो, फॉर्म्युला बदलायचा. वाहिलं की सिलिका, म्हणजे वाळूतला काच बनवणारा पदार्थ, वाढवायची, नाही वाहिलं की व्हायटिंग, म्हणजे चुनखडीची पूड, वाढवायचं. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होते. प्रत्येक ऋतूत ग्लेझ सुधारायचं आणि पुढच्या ऋतूत पुन्हा बिघडायचं, कारण बिघाड फॉर्म्युल्यात नव्हताच. म्हणून सांगते, फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा: भांड्यावरचा थेंब, बादलीचं वजन आणि भट्टीतला कोन, म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका.

खरी राख असताना नकली कशाला

हा प्रश्न सांगलीत हमखास विचारला जातो, कारण इथं राखेला तोटा नाही. साखर कारखान्यांच्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, राख आहे, गुऱ्हाळाच्या चुलवाणातली आहे. एका ओळखीच्या काकांनी मला मोठ्या प्रेमानं बगॅसच्या राखेचं पोतं आणून दिलं. चाळली, फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या पुडीबरोबर आणि मातीबरोबर मिसळली, लावली. भट्टीतून निघालं ते पांढुरकं, कोरडं, हाताला टोचणारं काहीतरी. ऊस गवताच्या कुळातला. भात आणि ज्वारीही त्यातलीच. ही सगळी पिकं जमिनीतली सिलिका पानाखोडात साठवतात, त्यामुळं त्यांची राख मुख्यतः सिलिकाच असते. सिलिका काच बनवते खरी, पण तिला वितळवायला दुसरं कोणी तरी लागतं. लाकडाच्या राखेत तो दुसरा असतो. ती बरीचशी चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि बरोबर थोडं पोटॅश, मॅग्नेशियम, फॉस्फरस.

तासगावकडच्या द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्यांची राख मात्र सुंदर चालते. कॅल्शियम भरपूर, वितळते छान. पण बागेवर बोर्डो मिश्रणाची फवारणी झालेली असते, त्यातल्या मोरचुदाचं तांबं राखेत उतरतं आणि ग्लेझला हिरवी झाक येते. एका बागेची राख हिरवट, दुसरीची नाही. शिवाय शंभर किलो लाकूड जाळलं तर हाती राख किलोभर. ती संपली की पुढची वेगळी. म्हणून फेक अ‍ॅश: राखेतलं जे काम करतं ते वजन करून घालायचं, राख नाही.

माझं मिश्रण इलेक्ट्रिक भट्टीसाठी, ६ नंबरच्या कोनासाठी आहे: लाल माती ४५, व्हायटिंग २६, बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) १४, डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खनिज) ८, फेल्डस्पार ७. बेरीज १००. तुमची माती माझी नाही, तेव्हा आधी टेस्ट टाइल. टाइल उभी हवी, खाली पाय असलेली. आडवी टाइल या ग्लेझबद्दल काहीच खरं सांगत नाही, तिच्यावर ते वाहायला जागाच नसते.

लाल मातीच्या जागी मी कृष्णेचा गाळ घालते. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला तेव्हा अंगणात वीतभर गाळ बसला होता. तो उचलताना सगळ्या गल्लीचे हात भरून आले होते. त्यातल्या चार गोण्या मी वाळवून ठेवल्या. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं ते पीठ आहे, लोहानं भरलेलं. ८० मेशच्या चाळणीतून गाळून घेतलं की लाल मातीपेक्षाही गोड वितळतं. पुराच्या पाण्यानं काय काय आणलं असेल सांगता येत नाही, म्हणून हा गाळ फक्त भांड्याच्या बाहेरच्या अंगाला.

थेंब काय सांगतो

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या कुणालाही हे ग्लेझ दोन मिनिटांत समजेल. काकवी कालथ्यावरून उतरते ती सगळ्या अंगानं एकसारखी उतरत नाही. आधी पातळ थर धरतो, मग तो थर जागोजागी गोळा होतो, धारा होतात, धारेच्या टोकाला थेंब लोंबतो. फेक अ‍ॅशमध्ये हेच घडतं. त्यात कॅल्शियम खूप, सिलिका आणि मातीतून येणारं अ‍ॅल्युमिना कमी. कॅल्शियम, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका विशिष्ट प्रमाणात एकत्र आले तर ११७० अंशांनाच वितळतात. त्या प्रमाणात कॅल्शियमचा वाटा वजनानं साधारण २३ टक्के असतो. आपल्या ग्लेझमध्ये सिलिकाच्या मानानं तो त्याहून बराच जास्त आहे, त्यात बोरॉनची भर. म्हणून रस पातळ होतो, गोळा होतो आणि धारेनं निघतो. थर पातळ असेल तर गोळा व्हायला रसच नसतो. जाड असेल तर थेंब लोंबून थांबत नाही, पुढं जातो.

म्हणून भट्टी उघडली की भांडं खिडकीशी नेऊन थेंब शोधा. हातभिंग असेल तर उत्तम. भांडं सगळं कोरडं आहे, पण कुठं तरी खाचेत, कानाच्या जोडाशी ग्लेझ जमलंय आणि तिथं ते चकचकीत, काचेसारखं आहे? मग उष्णता पुरेशी होती, ग्लेझ पातळ लागलंय. जिथं जाड आहे तिथंही मंद, खरखरीत आहे? मग भट्टी कमी भाजली. थेंब आहे, मोठा आहे, पण आतून दुधाळ किंवा लोणकढ्या तुपासारखा पिवळट थिजलेला आहे? मग भट्टी फार हळू निवली आणि कॅल्शियमचे स्फटिक वाढले. थेंब स्वच्छ, पारदर्शक, पण बुडाच्या खाली गेलाय? तर जाडी किंवा उष्णता, दोन्हींपैकी एक जास्त. या शेवटच्या प्रकारात थेंबाकडून उत्तर मिळत नाही, बादली आणि कोन बघावे लागतात.

बादली तोला

माझ्या एप्रिलच्या अपघाताचं अर्धं कारण बादलीत होतं. उन्हाळ्यात शेडमध्ये बादली दोन आठवडे झाकण अर्धवट ठेवून पडली होती. पाणी उडून गेलं, ग्लेझ दाट झालं. हलवलं तेव्हा हाताला जड लागलं होतं, पण नजरेला दिसलं नाही.

आता मी प्रत्येक वेळी तोलते. १०० मिली ग्लेझ सिरिंजनं मोजून घ्यायचं आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचं. माझ्या मिश्रणाला १४६ ग्रॅम आलं की बरोबर. त्या एप्रिलमध्ये उरलेल्या बादलीचं नंतर वजन केलं तर १६२ भरलं. सोळा ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण हिशेब असा: १४६ ग्रॅमला त्या १०० मिलीत कोरडं ग्लेझ साधारण ७५ ग्रॅम असतं, १६२ ला साधारण १०० ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच तीन सेकंदांच्या बुडवणीत भांड्यावर एकतृतीयांश माल जास्त चढला. या ग्लेझला एवढं पुरतं.

दुरुस्तीचं गणित सोपं आहे. आत्ताच्या वजनातून १०० वजा करा, हव्या वजनातूनही १०० वजा करा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा. ६२ भागिले ४६, म्हणजे जवळपास १.३५. पाच लिटर ग्लेझ असेल तर ते पावणेसात लिटर व्हायला हवं. म्हणजे पावणेदोन लिटर पाणी. ओतायचं मात्र थोडं थोडं, दर वेळी हलवून पुन्हा तोलायचं, कारण तळाशी बसलेलं ग्लेझ वर यायला वेळ लागतो.

लावून झाल्यावर टाचणी टोचून जाडी बघा. वरच्या एकतृतीयांश भागात दीड मिलिमीटरच्या आसपास, पोटाला एक, खाली अर्धा. वरचा भाग दुसऱ्यांदा बुडवायचा, खालचा नाही. बुडाचा दीड सेंटिमीटर कोरा ठेवून ओल्या स्पंजनं पुसायचा. आणि प्रत्येक भांड्याखाली त्याच मातीची बारीक चकती, वर अ‍ॅल्युमिनाचा लेप दिलेली. चकती गेली तर गेली, लादी वाचते. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. लादी घासायला दुपार जाते आणि त्या काचेच्या धारा हात कापतात. घासताना चष्मा आणि मास्क दोन्ही लावा.

रात्रीची भट्टी आणि पंप

एप्रिलच्या अपघाताचं उरलेलं अर्धं कारण सापडायला मला आणखी वर्ष लागलं. वजन बरोबर, जाडी बरोबर, तरी काही भट्ट्या जास्त वाहायच्या. कंट्रोलर दर वेळी १२२२ वर बंद झालेला. मग गल्लीतल्या वायरमन दादांना रात्री नऊला बोलावलं, भट्टी चालू असताना. त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, "ताई, १९५ दाखवतंय. आपला डीपी शेतीच्या पंपांबरोबरचा आहे, त्यांची पाळी आली की असंच होणार."

२३० व्होल्टच्या जागी १९५. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे इथं जवळजवळ २८ टक्के कमी. भट्टी चढते, पण रखडत. शेवटचे शंभर अंश दीड-दोन तासांत व्हायचे, त्यांना सहा-सात तास लागतात. आणि ग्लेझला नुसता आकडा कळत नाही, त्या उष्णतेत किती वेळ घालवला तेही कळतं. ६ नंबरचा कोन ताशी ६० अंशांच्या चढाला १२२२ वर वाकतो, ताशी १५० च्या चढाला १२४३ वर, आणि ताशी १५ अंशांनी रखडत गेलं तर ११८५ लाच. माझा कंट्रोलर प्रामाणिकपणे १२२२ पर्यंत जात होता आणि कोन त्याच्या कितीतरी आधी आडवा पडलेला असायचा. फेक अ‍ॅशसारखं पातळ रसाचं ग्लेझ त्या जादा तासांत बसून राहत नाही, खाली उतरत राहतं.

म्हणून आता प्रत्येक भट्टीत, डोकावायच्या भोकासमोर, ५, ६ आणि ७ नंबरचे तीन कोन उभे असतात. भट्टी उघडल्यावर ५ आडवा, ६ कमानीसारखा, ७ ताठ, हे हवं. ७ ही वाकला असेल तर ग्लेझला दोष देऊ नका. मी पंपांच्या पाळीचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय आणि शेवटचा टप्पा त्या वेळेबाहेर पडेल अशी भट्टी सुरू करते. ते जमत नाही त्या दिवशी भोकातून कोन बघत बसते आणि ६ वाकला की हातानं बंद करते. गडद काच डोळ्यासमोर धरूनच बघायचं.

मध्येच वीज गेली तर? ९०० च्या खाली गेली असेल तर चिंता नाही, आल्यावर पुन्हा चढवा. ११५० च्या वर जाऊन तासाभरात परत आली तर कोनावर लक्ष ठेवून पुरी करा. परतलीच नाही तर भट्टी थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या कोनांसह पुन्हा भाजा. फेक अ‍ॅश दुसऱ्या भाजणीला बहुतेक वेळा जास्त वाहतं, तेव्हा चकत्या बदलून मोठ्या ठेवा.

दुधाळ थेंबाचा उपाय निवण्यात आहे. बंद केल्यावर वरचं भोक उघडं ठेवते, १०५० पर्यंत भट्टी लवकर उतरू देते, मग भोक बंद. झाकण उचलायचं नाही, कधीच. काहींना तो लोण्यासारखा मऊ पिवळट थर आवडतो. आवडत असेल तर उलट करा, भोक लावूनच ठेवा.

पावसाळ्याचं कोरडेपण

जुलैत ग्लेझ का रुसायचं, याचं उत्तर बादलीत नव्हतं. वजन १४६ च होतं. बिस्क केलेली, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेली, भांडी शेडमध्ये पंधरा दिवस पडलेली होती आणि आपल्याकडचा आषाढ म्हणजे कपडे चार दिवस वाळत नाहीत. बिस्कची छिद्रं दमट हवा धरून बसतात. भांडं पाणी कमी ओढतं, ग्लेझ कमी चढतं. बोट लावून बघा: कोरड्या बिस्कला ओलं बोट चिकटल्यासारखं होतं, दमटला नुसतं घसरतं. पावसाळ्यात मी ग्लेझिंगच्या आदल्या रात्री भांडी भट्टीत १२० अंशांवर तासभर ठेवते आणि सकाळी गार झाल्यावर लावते. तेवढ्यानं ओघळ परत आले. बिस्क जास्त भाजलं असेल तरी हाच त्रास होतो, माझं १००० अंशांवर थांबतं.

मातीच्या भेगा आणि चुन्याची फसवणूक

ग्लेझ वाळतानाच त्यावर मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा पडत असतील आणि भट्टीत ते त्या भेगांतून मागं सरकून उघडं अंग दाखवत असेल, तर मातीचा वाटा बघा. या फॉर्म्युल्यात ४५ टक्के माती आहे, आणि ती शेतातली काळी माती असेल तर ती प्रचंड आकसते. काळी टाळाच. गाळ किंवा लाल माती असली तरी निम्मी माती बिस्कच्या भट्टीत, एका वाडग्यात, ७००-८०० अंशांना भाजून घ्या आणि निम्मी कच्ची ठेवा. वजन भाजल्यानंतर करायचं झालं तर भाजलेली थोडी कमी घाला, तिच्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं.

व्हायटिंगच्या बाबतीत फार लोक फसतात. शाळेच्या खडूची पूड चालत नाही, तो खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो आणि भट्टीत गंधकाचा वायू सोडून ग्लेझला फोड आणतो. रांगोळी कशाची आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. कळीचा चुना घातला तर बादली तासाभरात श्रीखंडासारखी होते आणि हात भाजतात. घरातल्या व्हिनेगरचा थेंब टाकून बघा: व्हायटिंग लगेच फसफसतं, जिप्सम गप्प राहतं. ही तपासणी पुरेशी नाही, पण पहिली चाळण म्हणून फार उपयोगी. फसफसतं त्याच कारणानं १०० ग्रॅम व्हायटिंगमधून भट्टीत ४४ ग्रॅम वायू निघून जातो. म्हणून ८०० ते ९०० च्या दरम्यान घाई करू नका. त्या टप्प्यात घाई केलेल्या माझ्या भांड्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती.

वाहायला वाट द्या

सगळं बरोबर असूनही ग्लेझ नुसतं तपकिरी सपाट बसलं, तर भांड्याकडे बघा. गुळगुळीत, सरळ भिंतीच्या मगावर रसाला कुठं वळावं ते कळत नाही. चाकावर असतानाच लाकडी कंगव्यानं उभ्या रेघा ओढल्या, खांद्याला एक कड ठेवली, की ओघळ त्या कडेवर फुटतो आणि रेघांत उतरतो. पोटाच्या खाली, बुडाच्या दोन बोटं वर, एक खोल आडवी खाच मारून ठेवा. धावत आलेला रस तिथं जमतो आणि थांबतो. माझ्या अलीकडच्या बरण्यांत सगळ्यात सुंदर जागा तीच खाच असते, थेंबांची माळ ओवल्यासारखी. ताटं, वाट्यांचा आतला भाग, काही पसरट असेल तर फेक अ‍ॅश नको. ते तिथं साचतं आणि थिजतं.

आणि बरणीच्या आत तर नकोच. लोणच्याच्या बरणीची मागणी आली की हे मी आधी सांगते. कॅल्शियम जास्त आणि सिलिका कमी असलेलं ग्लेझ आंबटापुढं टिकत नाही. पाहायचं असेल तर लिंबाची फोड त्यावर रात्रभर ठेवा. माझ्या टेस्ट टाइलवर सकाळी फोडीच्या आकाराचा फिका, निस्तेज गोल उमटला होता, बोटानं चोळूनही गेला नाही. म्हणून आत वेगळं, सिलिकानं भरलेलं पारदर्शक ग्लेझ, काठापर्यंत. आधी आतलं ओतून घ्यायचं, भांडं एक दिवस वाळू द्यायचं, आणि मग बाहेरून फेक अ‍ॅश. काठावर दोन्ही ग्लेझ एकमेकांवर आली तर तिथून ओघळ सगळ्यात वेगानं सुटतो, तेव्हा तिथं फेक अ‍ॅश अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नको.